आधी फ्यूज दाखव

गाडीत कॉम्प्युटर बसवलास, मागच्या सीटवरच्या पोरांना सिनेमा दिसू लागला, घरात कौतुक झालं. त्या कौतुकात मी सामील होणार नाही. बोनेट उघडायला लावून मी तुला एकच प्रश्न विचारला, फ्यूज कुठे आहे? तू म्हणालास, "सर, पाच व्होल्टचंच तर काम आहे, फ्यूज कशाला?" इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला बसलेल्या मुलाच्या तोंडून हे ऐकून मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. कारण याच गाडीतून तुझी आजी, आई आणि आत्याची दोन लेकरं नागपूरला निघणार आहेत. राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा अडीचशे किलोमीटरहून लांब रस्ता, मे महिन्याचं ऊन, आणि मागच्या सीटखाली नुसत्या टेपने गुंडाळलेला तुझा जोड.

पाच व्होल्ट कुठे आहेत रे? ते बाराचे पाच करणाऱ्या कन्व्हर्टरच्या पुढे. कन्व्हर्टरच्या मागे बारा व्होल्टची बॅटरी आहे, आणि ती बॅटरी रोज सकाळी स्टार्टरला शंभराहून जास्त अँपिअर देते. लहान वाटणाऱ्या त्या डब्यातून शॉर्ट झालेल्या वायरमध्ये शेकडो अँपिअर जाऊ शकतात. तू बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट एक बारीक वायर काढलीस, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून आत घेतलीस, भोकाला रबरी ग्रॉमेटही लावलं नाहीस, आणि डॅशबोर्डखाली कन्व्हर्टरला जोडलीस. पत्र्याची कड धारदार असते. इंजिन थरथरतं, वायर त्या कडेवर घासत राहते. ज्या दिवशी वरचं प्लास्टिक कापलं जाईल त्या दिवशी तांबं बॉडीला टेकेल, आणि बॉडी म्हणजे बॅटरीचं निगेटिव्हच. बॅटरीपासून त्या कडेपर्यंतची वायर काही सेकंदांत लालभडक होईल. आग त्या भोकातून आत आली तर पुढे गालिचा आहे, सीटचा फोम आहे, फोमवर आजी बसलेली आहे. हे सगळं थांबवायला कोण आहे तिथे? कोणी नाही. तो कोणी म्हणजे पाच-दहा रुपयांचा फ्यूज.

फ्यूज यंत्र वाचवायला असतो असं तुझ्या डोक्यात बसलंय, ते आधी काढून टाक. फ्यूज वायर वाचवतो. म्हणूनच तो यंत्राजवळ नाही, बॅटरीजवळ लागतो, टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूजच्या आधीची जेवढी वायर, तेवढी उघडी पडलेली, बिनराखणीची. हे पहिल्या वर्षाला शिकवलं, परीक्षेत विचारलं, तू उत्तर लिहिलंस आणि मार्कही मिळवलेस.

तरी फ्यूजचा विसर मी एकवेळ समजून घेतला असता. तू पुढे जे केलंस ते समजून घेण्यासारखं नाही.

तू गाडीत बसवलेल्या त्या छोट्या कॉम्प्युटरला, रास्पबेरी पायला, वीज कमी पडली की तो सांगतो. व्होल्टेज 4.63 च्या आसपास किंवा खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह दिसतं. तुझ्या स्क्रीनवर ते दिसत होतं, सिनेमा चालू असताना सारखं येत-जात होतं. तू मीटर लावला नाहीस. तू शोधाशोध केलीस आणि कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकलीस, ज्याने ते चिन्हच दिसेनासं होतं. व्होल्टेज तेवढंच राहिलं, फक्त बोलणाऱ्याचं तोंड बंद झालं. आणि हे तू मला अभिमानाने सांगितलंस, जणू दोष दुरुस्त केला.

अरे, तू भिलाईत वाढलास. तुझ्या घरची चूल ज्या पोलाद कारखान्यावर चालते तिथे 9 ऑक्टोबर 2018 ला कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीवर देखभालीचं काम चालू असताना आग भडकली आणि कामावर गेलेली माणसं घरी आली नाहीत. तिथेच 2014 च्या जूनमध्ये विषारी वायू गळून सहा माणसं गेली. या गावात इशारा म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायची कोणावर वेळ येत नाही. परमिट, शटडाउन, टॅग हे शब्द तुझ्या वडिलांच्या तोंडी रोजचे आहेत. त्यांच्या मुलाने इशारा देणारं चिन्ह त्रास देतं म्हणून पुसून टाकावं, आणि त्याला काम म्हणावं, हे मी ऐकून घेणार नाही.

आता ते चिन्ह का येत होतं ते बघ. हे गणित तुझ्या वहीत आहे, मी फक्त आकडे घालतो. तू कन्व्हर्टर डॅशबोर्डखाली बसवलास आणि तिथून पाच व्होल्टची बारीक वायर मागच्या सीटपर्यंत नेलीस. वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची, अंतर तीन मीटर, जाणं-येणं मिळून सहा. तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर वायरचा रोध मीटरला 0.0175 ओहम. तुझ्या वायरचा झाला 0.21 ओहम. पाय 4 ला पुरवठा 3 अँपिअरचा लागतो. पूर्ण भार आला की तीन गुणिले 0.21, म्हणजे 0.63 व्होल्ट वायरमध्येच गेले. कन्व्हर्टरमधून 5.1 निघाले, पायपर्यंत पोहोचले 4.47. चिन्ह येणारच. ते खरं बोलत होतं.

हाच कन्व्हर्टर मागे, पायच्या शेजारी बसवला असतास तर? तीच वायर, तेच अंतर, पण आता तिच्यातून बारा व्होल्ट जातात. पंधरा वॉटसाठी, कन्व्हर्टरमधली गळती धरूनही, दीड अँपिअर पुरतो. घट होते 0.3 व्होल्ट, आणि बारामधले 0.3 गेले तर कन्व्हर्टरला काहीही फरक पडत नाही. कोरब्याची वीज भिलाईला 400 किलोव्होल्टवर का येते, याचं उत्तर तू तोंडी परीक्षेत घडाघडा दिलं होतंस. उंच मनोऱ्यांवरून येणाऱ्या त्या तारांना आणि सीटखालून जाणाऱ्या तुझ्या वायरला एकच नियम लागू आहे. वर्गात पाठ झालेली गोष्ट गाडीत हाताशी आली नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

कन्व्हर्टरही कोणता घेतलास ते पाहिलं. उघड्या पट्टीवरचा, सुपेला बाजारातल्या दुकानात सर्वात स्वस्त मिळणारा. तो टेबलावर प्रयोगाला ठीक आहे. गाडीतली वीज टेबलावरच्या विजेसारखी सरळ नसते. बंद गाडीत साडेबारा व्होल्ट, चालू गाडीत चौदाच्या आसपास, चावी मारताना नऊ-दहापर्यंत कोसळते आणि क्षणात परत चढते. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीचं टर्मिनल सैल होऊन सुटलं, तर उसळी किती मोठी येऊ शकते ठाऊक आहे? आत आवर घालणारी सोय नसेल तर 80 ते 100 व्होल्ट. वाहनांच्या उपकरणांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात ही चाचणी म्हणूनच घातलेली आहे. तुझ्या पट्टीवरची चिप 40 व्होल्टपर्यंतची. गाडीसाठी म्हणून बनवलेला, बंद खोक्यातला, इनपुटला संरक्षण असलेला कन्व्हर्टर घे. चार पैसे जास्त लागतील. स्क्रीन मोठी घेताना ते लागलेच होते.

आणि चावी बंद केल्यावर पायचं काय होतं? तुझ्या रचनेत काहीच होत नाही, तो चालूच राहतो. काम नसतानाही तीन वॉट धर. बॅटरीतून पाव अँपिअरपेक्षा जास्त, दिवसाला सहा-सात अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची. नागपूरला लग्नघरी गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की निघायच्या सकाळी ती फक्त टिकटिक करेल. यावर तुझ्या मित्राने उपाय सांगितला की चावीबरोबर वीज तोडून टाक. तोही अर्धवट. पायच्या मेमरी कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइलींची मांडणी बिघडते, आणि एक दिवस पाय सुरूच होत नाही. रीत अशी आहे: अ‍ॅसेसरीच्या लाइनवरून पायला खूण द्यायची की चावी बंद झाली, त्याला नीट बंद व्हायला अर्धा-एक मिनिट द्यायचं, मग टायमरच्या रिलेने पूर्ण वीज तोडायची. ती खूण ऑप्टोकप्लरमधून घे. पायच्या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत, बारा लावलेस तर पाहायलाही काही उरणार नाही. शिवाय कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवायची सोय रास्पबेरीच्या सेटिंगमध्येच आहे, ती चालू कर.

सॉफ्टवेअर तू बरं बसवलंयस. त्यावर बोलायचं नाही.

उन्हावर मात्र बोलायचं आहे. पाय 4 बनवणाऱ्यांनी भोवतालचं तापमान 0 ते 50 अंश लिहून दिलंय. भिलाईत मे महिन्यात पारा 44-45 वर असतो, आणि उन्हात काचा लावून उभी केलेली गाडी तासाभरात आतून बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी तापते. म्हणजे तुझी डबी चालू व्हायच्या आधीच पासष्टला बसलेली. त्यात तू तिला प्लास्टिकच्या बंद डब्यात घालून सीटखाली सरकवलंस, जिथे एसीचा वारा पोहोचत नाही. चिप 80 अंशांना स्वतःचा वेग कमी करायला लागते. पोरं म्हणणार सिनेमा अडकतोय, आणि तू म्हणणार फाइल खराब आहे. धातूचा डबा, मोठा हीटसिंक, पंखा, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत आधी एसी, मग पाय, हा क्रम. राखीव वीज म्हणून तिथे जी पॉवर बँक ठेवली आहेस ती आजच्या आज बाहेर काढ. लिथियमची बॅटरी तापलेल्या गाडीत कोंडून ठेवायची नाही. यावर चर्चा नाही.

आता ती स्क्रीन. दोन पुढच्या सीटांच्या मधोमध, केबल टायने आवळलेली. गाडी ताशी 50 किलोमीटरवरून एक दशांश सेकंदात थांबली तर सरासरी चौदा जीचा झटका बसतो. चारशे ग्रॅमची तुझी स्क्रीन त्या क्षणी साडेपाच किलोच्या जोराने टायवर ओढेल. मेच्या उन्हात मऊ झालेला प्लास्टिकचा टाय ती धरून ठेवेल याची हमी देशील? आणि तिची काच समोर आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडाच्या उंचीवर आहे.

मधोमध लावल्याने आणखी एक झालं. दोन्ही पोरं पाहायला पुढे झुकतात, झुकायला पट्टा आड येतो, म्हणून पट्टा काढतात. मागे बसणाऱ्याला पट्टा लागत नाही, हा समज 4 सप्टेंबर 2022 नंतर तरी या देशातून जायला हवा होता. पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर होते, पट्ट्याविना, आणि गाडी जगातल्या नावाजलेल्या गाड्यांपैकी होती. तुझ्या गाडीत पट्टा काढायला लावणारी वस्तू तू स्वतः बसवली आहेस.

शिवाय मधली स्क्रीन चालवणाऱ्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात येते. 2017 च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत चालकाला गाडी चालवताना चित्रफीत पाहायला मनाई आहे, रस्ता शोधण्यापुरतीच सूट आहे. तुझे वडील पाहणार नाहीत म्हणतोस. रात्रीच्या अंधारात, देवरीच्या जंगलाच्या पट्ट्यात, शेजारी हलतं चित्र असलं की डोळा आपोआप वळतो. त्यात माणसाच्या शिस्तीचा दोष नाही.

स्पीकरची वायर तू पुढच्या खांबाच्या आवरणामागून नेलीस, तेही पाहिलं. तिथे आत काय आहे ते उघडून पाहण्याआधी विचारलंस का कोणाला? ज्या गाड्यांना पडद्याची एअरबॅग असते, त्यांत ती त्या खांबापासून छताच्या कडेने जाते आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते. तिच्या वाटेत वायर, क्लिप, स्क्रू काहीही चालत नाही. पिवळा कनेक्टर दिसला की हात मागे घ्यायचा, आणि ते काम कंपनीच्या शिकलेल्या माणसाकडे द्यायचं.

तू म्हणशील, सर सगळ्यालाच नाही म्हणतात. मी कॉम्प्युटरला नाही म्हणत नाहीये. पोरांना सिनेमा दाखवणं एवढाच हेतू असता तर घरात पडलेल्या टॅबमध्ये चार सिनेमे भरून तो हेडरेस्टच्या मागे चांगल्या पकडीत बसवला असता तरी भागलं असतं. तुला स्वतः बनवायचं होतं, शिकायचं होतं, ती इच्छा मला आवडते. पण मग शिक ना! एकही व्होल्टेज मोजलं नाहीस, एकही आकृती काढली नाहीस, व्हिडिओत दिसलं तसं जोडलंस आणि चाललं म्हणून थांबलास. याच गावात रेल्वेचे रूळ तयार होतात. रूळ डोळ्यांना सरळ दिसतो म्हणून कोणी तो पाठवत नाही, अल्ट्रासोनिक तपासणी होते, आतली भेग शोधली जाते. ज्या लोकांनी हे काम करून तुला वाढवलं, त्यांच्या गाडीत तू न मोजलेली वायर टाकलीस.

आज संध्याकाळी आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडव, मग तुझी वायर बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत पूर्ण उपसून काढ. खांबाचं आवरण उघडू नकोस, तिथली वायर काढायला गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ने. वडिलांना स्वतःच्या तोंडाने सांग की काय राहून गेलं होतं. नागपूरला पोरं टॅबवर सिनेमा पाहतील, पट्टे लावून. परत आल्यावर सोमवारी लॅबमध्ये ये. येताना कागदावर आकृती हवी: फ्यूज 3 अँपिअरचा आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात, ग्रॉमेट, मागे बसवलेला कन्व्हर्टर, टायमर रिले, धातूचा डबा, आणि स्क्रीन नटबोल्टच्या ब्रॅकेटवर, पोरं पट्ट्यात टेकून बसल्यावर दिसेल अशी. कॉन्फिग फाइलमधली ती ओळ काढलेली हवी. चावी मारताना, सिनेमा चालू असताना आणि गाडी उन्हात तापलेली असताना पायच्या पिनेवर किती व्होल्ट मिळतात, ते मीटर लावून आपण दोघं मोजू. मीटर मी आणतो.