दुसऱ्यांच्या बँडमध्ये गाताना

चि. मुक्ता हिस,


तुझा बँड मोडला आणि आता त्या मेटलवाल्या मुलांनी एकत्र अल्बम करू या का म्हणून विचारलंय, हे कळलं. हो म्हण. फक्त त्यांच्या प्रॅक्टिसला जाण्याआधी जेलो बियाफ्राने दुसऱ्या बँडांबरोबर केलेले अल्बम ऐक. तू त्याला डेड केनेडीजचा गायक म्हणूनच ओळखतेस. तो बँड १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत उभा राहिला आणि १९८६ मध्ये मोडला. तुझ्या आत्ताच्या उपयोगाचं आहे ते त्याच्या नंतरच्या कामात.

वाद्य येत नाही याची लाज वाटते, असं तू लिहिलंस. बियाफ्रालाही धड एक वाद्य येत नाही. डोक्यातली गिटार, बास, सगळं तो तोंडाने गाऊन दाखवतो, टेपवर गुणगुणून ठेवतो, आणि वाजवणारे त्यातून गाणं उभं करतात. तेव्हा लाज सोड. पण दुसऱ्याच्या हातांवर आपलं गाणं उभं आहे हे ध्यानात ठेव, आणि त्या हातांना त्यांच्या सवयीने वाजू दे.

१९८९ चा डी.ओ.ए.बरोबरचा अल्बम आधी लाव. डी.ओ.ए. हा व्हँकूव्हरचा जुना पंक बँड. त्यांचा गायक जो कीथली पुढे बर्नबी शहराचा नगरसेवक झाला. पहिल्या बाजूची गाणी छोटी, धावती, डी.ओ.ए.च्या धाटणीची. दुसऱ्या बाजूला मात्र एकच गाणं, जवळजवळ चौदा मिनिटांचं. एकच जड, संथ रिफ. ती बदलत नाही, नुसती दाबत जाते. तिच्यावर बियाफ्राचा तो कापरा, टोचणारा आवाज इराण-काँट्रा प्रकरण, अमली पदार्थांचा धंदा आणि वॉशिंग्टनचे सत्ताधारी यांची मोळी बांधत जातो. घाई नाही, सुरांची करामत नाही. बँड जागचा हलत नाही म्हणूनच शब्दांना चालायला जागा मिळते. हे गाणं तीन-चारदा ऐक, आणि दर वेळी गायकाकडे नव्हे, ड्रमरकडे लक्ष दे.

मग १९९१ चा नोमीन्सनोबरोबरचा अल्बम. त्या बँडमधल्या राइट बंधूंचे बास आणि ड्रम्स सरळ रेषेत चालतच नाहीत, तरी बियाफ्राने त्यांना सरळ करायचा हट्ट धरलेला नाही. त्याने आपलं गाणंच वाकवलं. मिनिस्ट्री बँडच्या मंडळींबरोबरचा त्याचा लार्ड हा बँड मला तितकासा भावत नाही. त्या यंत्रासारख्या ठोक्यांपुढे शब्द दबतात. तुला कदाचित तेच आवडेल.

१९९४ साली तर त्याने मोजो निक्सनला धरून चक्क कंट्री गायलं. त्यात फिल ऑक्सचं १९६६ मधलं एक गाणं घेतलंय, पण शब्द क्लिंटनच्या काळाला लागू होतील असे बदलून. मेल्विन्सबरोबरही तेच. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरवर, जेरी ब्राउनवर, १९७९ साली केलेलं स्वतःचं गाणं त्याने २००५ च्या ‘सीग हाउडी’मध्ये श्वार्झनेगरवर फिरवलं. मेल्विन्सबरोबरच्या दोन अल्बमांपैकी २००४ चा पहिलाच मला सरस वाटतो. दुसऱ्यात रीमिक्सची भर बरीच आहे. पण हे शब्द बदलणं शिकून घे. तुझी जुनी गाणी नव्या बँडला जशीच्या तशी देऊ नकोस. ज्या माणसांवर ती लिहिली होतीस त्यांतली निम्मी आता खुर्चीवर नाहीत.

आणखी एक, आणि हे मी आग्रहाने सांगतोय. डेड केनेडीजचे उरलेले तिघे आणि बियाफ्रा यांचं भांडण कोर्टात गेलं. रॉयल्टी कमी मिळाली, गाणी आम्हीही रचली, असं त्या तिघांचं म्हणणं. २००० साली ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्यांनी मिळून इतकं चांगलं काम केलं ती माणसं एकमेकांची तोंडं पाहीनाशी झाली, याचं मला आजही वाईट वाटतं. चाल कोणी गुणगुणली, रिफ कोणी बसवली, हे वर्षांनी कोणालाच आपल्याविरुद्ध आठवत नाही. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी बसा आणि प्रत्येक गाण्याखाली नावं लिहा. पैशांचे वाटे ठरवा, सगळ्यांच्या सह्या घ्या. ड्रमरलाही वगळू नका. बहुतेक ठिकाणी त्यालाच वगळतात. मुलं म्हणतील, दोस्तीत कसले कागद? तरी घे. स्टुडिओची तारीख त्यानंतरच ठरव.

नवे शब्द झाले की मला पाठव. चाल सुचली असेल तर फोनवर गुणगुणून पाठव, सूर लागला नसला तरी चालेल.

तुझा,
मामा