नावांचा गडगा

ज्या कथेत खलनायक नाही, रहस्य नाही, जगावर ओढवलेले संकट नाही आणि तरीही जिच्यात प्रेक्षकाचे मन शेवटापर्यंत गुंतून राहते, अशा कथांचा एक मोठा प्रवाह जपानी चित्रमालिकांत, म्हणजे ‘ॲनिमे’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या मालिकांत, गेली अनेक दशके वाहत आहे. जपानी भाषेत त्याला ‘निचिजोकेइ’, म्हणजे रोजच्या जगण्याच्या कथा, असे म्हणतात. आणि त्यांतील ज्या कथा थकल्याभागल्या मनाला विसावा देण्यासाठी रचलेल्या असतात त्यांना ‘इयाशिकेइ’, म्हणजे मनाची जखम भरून आणणाऱ्या कथा, असे वेगळे नाव आहे. स्वयंपाक, शाळेची वाट, शेजाऱ्याशी झालेला खटका, पावसात अडकलेली संध्याकाळ एवढ्याच सामग्रीवर उभ्या राहणाऱ्या या मालिकांना हलकीफुलकी करमणूक समजण्याचा प्रघात आहे. त्यांची शिकवण सौम्य असते हे खरे. परंतु सौम्य म्हणजे दुबळी, हा निष्कर्ष मात्र तपासून पाहावा लागतो, आणि तो तपासण्यासाठी जपानइतकीच ठाणे जिल्ह्यातील भिवंडी उपयोगी पडते.

या प्रवाहाचा उगम सुखवस्तू काळात झालेला नाही. माचिको हासेगावा यांची ‘साझाए-सान’ ही वृत्तपत्रीय चित्रमालिका फुकुओका येथील एका दैनिकात १९४६ मध्ये सुरू झाली, तेव्हा जपानची अनेक शहरे बेचिराख झालेली होती, अन्नाची टंचाई होती आणि देश परकीय सैन्याच्या अंमलाखाली होता. अशा काळात एका साध्या कुटुंबातील धांदरट, मनमोकळ्या तरुणीचे घर, तिची माणसे आणि तिच्या बारीकसारीक फजित्या लोकांना रोज वाचाव्याशा वाटल्या. १९६९ पासून दर रविवारी प्रसारित होणारी तिची दूरचित्रवाणी मालिका आज जगातील सर्वांत दीर्घकाळ चाललेली चित्रमालिका मानली जाते. पुढे १९९५ मध्ये कोबे परिसरातील भूकंप आणि तोक्योच्या भुयारी रेल्वेत झालेला विषारी वायूचा हल्ला हे दोन आघात अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने झाले, आणि त्यानंतरच ‘इयाशी’, म्हणजे मनाला दिलासा, हा शब्द तेथील लोकव्यवहारात विशेष रुळला. म्हणजेच रोजच्या जगण्याची कथा ही ज्यांच्या आयुष्यात काही घडतच नाही अशा लोकांनी रचलेली नसून, नको ते घडून गेल्यानंतर पुन्हा उभे राहू पाहणाऱ्या समाजाने ती हाती धरलेली आहे.

या प्रकारातील ‘बाराकामोन’ ही मालिका या दृष्टीने जवळून पाहण्यासारखी आहे. सात्सुकी योशिनो यांच्या चित्रकथेवर आधारलेली ही बारा भागांची मालिका २०१४ मध्ये मासाकी ताचिबाना यांच्या दिग्दर्शनाखाली प्रसारित झाली. नागासाकी प्रांतातील गोतो बेटे ही तिची भूमी असून, तेथील बोलीत ‘बाराकामोन’ म्हणजे उत्साहाने सळसळणारे माणूस. कथेचा नायक सेइशू हांदा हा तेवीस वर्षांचा सुलेखनकार असून त्याच्या बक्षीसपात्र अक्षरांना प्रदर्शनगृहाचे वृद्ध संचालक कित्ता गिरवल्यासारखी म्हणतात आणि सामान्यपणाची भिंत ओलांडण्याचा प्रयत्न तरी त्याने कधी केला आहे का, असे विचारतात. त्यावर संतापून तो त्या काठी टेकत चालणाऱ्या गृहस्थाला ठोसा मारतो आणि त्याचे वडील त्याला दूरच्या बेटावर राहायला धाडतात. तेथे पहिल्याच दिवशी आजोबांजवळ वाढणारी नारू नावाची लहान मुलगी त्याला समुद्राकाठच्या उंच भिंतीपाशी नेते, सरसर वर चढते, आणि चढल्याशिवाय पलीकडचे दिसायचे नाही एवढेच सांगते; तोही धडपडत चढतो, तेव्हा समोर मावळता सूर्य असतो. संचालकांचा आणि मुलीचा उपदेश एकच असला तरी पहिल्याने त्याचा अहंकार दुखावला गेला आणि दुसऱ्याने त्याचे पाय हलले, कारण नारू आधी स्वतः चढली होती आणि पलीकडे जे होते त्यात त्याला वाटेकरी करून घेत होती.

मराठी वाचकाला ही रीत ओळखीची वाटावी. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापच्या नीतिकथा मराठीत आणल्या, आणि गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ सांगण्याची सवय मराठी बालवाङ्मयात आणि शालेय पुस्तकांत खोलवर रुजली. पण त्याच भाषेत साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये शिकवण आईच्या घरकामाच्या ओघात, तिच्या हातून घडणाऱ्या साध्या कृतींत उतरलेली आहे. तात्पर्य पाठ होते आणि विसरलेही जाते, तर डोळ्यांदेखत घडलेली कृती अंगवळणी पडते. ‘बाराकामोन’मध्येही गावकरी हांदाला कधी समजावीत बसत नाहीत; ते न बोलावता येतात, त्याचे सामान उचलून आत ठेवतात, आणि त्याचे घर आधीपासूनच मुलांचा अड्डा असल्यामुळे मुले ते तसेच वापरत राहतात. एका प्रसंगी उंचावरून जमावात उधळल्या जाणाऱ्या ‘मोचि’, म्हणजे तांदळाच्या गोळ्या, वेचताना हांदाच्या हाती काहीच लागत नाही; तेव्हा या खेळात मुरलेली गावातील एक आजी त्याला सुचवते की दुसरा पुढे गेला तर त्याला खुशाल जाऊ द्यावे आणि आपण याहून मोठ्यावर नजर ठेवावी. नुकताच एका स्पर्धेत आपल्याहून लहान मुलाच्या मागे पडलेल्या त्या तरुणाला हे वाक्य नेमके लागू पडते, पण ते त्याच्यासाठी म्हणून बोललेले नसते, आणि म्हणूनच ते त्याला टोचत नाही.

मालिकेच्या अखेरीस हांदा तोक्योला परततो, संचालकांची क्षमा मागतो आणि प्रदर्शनासाठी एक नवे लेखन सादर करतो. त्यात कोणतेही सुभाषित नसते, तर बेटावरील माणसांची नावे असतात, आणि त्या कृतीचे शीर्षक असते ‘इशिगाकी’, म्हणजे दगडी भिंत. तिला पहिले बक्षीस मिळत नाही, पण ती कित्ता उरलेली नसते. कोकणातल्या माणसाला या भिंतीसाठी शब्द शोधावा लागणार नाही, कारण चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड बसवून वाडीभोवती घातलेल्या अशा भिंतीला तो गडगा म्हणतो. गडग्यात प्रत्येक दगड शेजारच्या दगडांच्या आधाराने उभा असतो. त्यांना जोडणारे तिसरे काही मध्ये नसते.

येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. समुद्रकाठचे छोटे खेडे, जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला नावाने ओळखतो, तेथे शेजारधर्म सहज फुलतो. परंतु जेथे वस्ती दाट आहे, माणसे दूरदूरहून आलेली आहेत आणि कामाच्या पाळ्या बारा बारा तासांच्या आहेत, तेथे या कथांतील जिव्हाळा ही फक्त हळहळ लावणारी कल्पना ठरते. या आक्षेपासाठी भिवंडीइतके चपखल उदाहरण शोधून सापडणार नाही. १८५७ नंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग आणले, विसाव्या शतकात त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली, १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे बरेचसे कापडकाम इकडे सरकले, आणि उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण या भागांतील कामगार येथील काही लाख मागांवर राबू लागले. घर गावी आणि माग भिवंडीत, अशा स्थितीत जगणारा हा कामगार ‘बिसी’त, म्हणजे महिन्याच्या पैशांवर चालणाऱ्या खाणावळीत, जेवतो आणि पुष्कळदा एकाच खोलीत पाळीपाळीने झोपतो. त्याच्या दारात सामान उचलायला गाव धावून येत नाही.

याच शहराने मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी उसळलेली भीषण दंगल पाहिली, जिच्या आणि तिच्यापाठोपाठ जळगाव व महाड येथे झालेल्या दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. आणि मे १९८४ मध्ये पुन्हा तीच आग येथे भडकली. अशा गावी १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. तोवरची परिचित सोय म्हणजे शांतता समिती, जीत दोन्ही समाजांचे प्रतिष्ठित पुढारी असत आणि जी सण किंवा तणाव आला की भरे. मोहल्ला समितीत मात्र पुढाऱ्यांऐवजी त्या त्या वस्तीतील सामान्य रहिवासी, हिंदू व मुसलमान बरोबरीच्या संख्येने, घेतलेले होते, त्यांच्यासोबत त्या भागाची जबाबदारी असलेले पोलीस बसत, आणि त्या बैठका तणाव नसतानाही नियमाने होत. दंगल हा विषय नसलेल्या दिवशी एकत्र बसल्याने माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली, गल्लीतले भांडण गल्लीतच मिटवण्याची वाट सापडली, आणि अफवा उठली तर खरेखोटे विचारायला पलीकडच्या वस्तीत एक ओळखीचे दार तयार झाले.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेल्याचे पडसाद मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन फेऱ्यांत उमटले, शेकडो माणसे मारली गेली. मुंबईपासून हाकेच्या अंतरावर असलेली आणि दंगलींसाठीच कुप्रसिद्ध असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. खोपडे यांनी पुढे या अनुभवावर लिहिलेल्या पुस्तकाचे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे नावच या घटनेतील आश्चर्य सांगते. त्यानंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भिवंडीच्या या अनुभवाची दखल घेतली असून, तेथे त्यांनी केलेला एक भेद या विषयाच्या मुळाशी जातो. मुले एकत्र खेळणे, एकमेकांकडे जेवायला जाणे, सणाला भेटणे हा रोजचा संबंध एका बाजूला, आणि संघटना, मंडळे, समित्या यांतून बांधलेला संबंध दुसऱ्या बाजूला, असे दोन प्रकार ते मानतात. खेड्यात पहिला पुरेसा ठरतो, शहरात मात्र दुसऱ्याची गरज लागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या भेदाच्या उजेडात वरील आक्षेपाचे उत्तर मिळते. ‘बाराकामोन’ची शिकवण शहरात लागू पडत नाही असे नव्हे, तर ती शहरात आपोआप लागू पडत नाही. बेटावर जे शेजारी न बोलावता येतात, त्यांना भिवंडीत बोलावावे लागते, बसण्यासाठी जागा आणि दिवस ठरवावा लागतो, आणि पुढच्या बैठकीची तारीख धरावी लागते. जिव्हाळ्याची अशी व्यवस्था लावल्याने त्यातला खरेपणा उणावतो, हा समज चुकीचा आहे; ओळख आधी ठरवून होते आणि मग ती खरी होते, याचा अनुभव शाळेच्या बाकावर प्रत्येकाने घेतलेला असतो.

तरीही या विचाराच्या मर्यादा नाकारता येत नाहीत. सौम्यता न्यायाची जागा घेऊ शकत नाही. ज्याचे घर जळाले त्याला आधी चौकशी, दोषींना शिक्षा आणि भरपाई हवी असते, आणि ती न देता केलेला सलोख्याचा आग्रह हा त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्यायच ठरतो. शिवाय ओळखीचे हे काम एकदा करून संपत नाही. जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत कबरस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून प्रक्षोभ उसळला, गोळीबारात नागरिक मरण पावले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले. ज्या गावात पोलीस आणि रहिवासी एका सतरंजीवर बसले होते त्याच गावी हे घडावे, यावरून समित्यांची कल्पना खोटी ठरत नाही. विश्वास हा ठेवीसारखा पडून व्याज देत नाही, तो वापरात राहिला तरच टिकतो, एवढे मात्र त्यावरून शिकावे लागते.

भिवंडीतल्या कोणत्याही मागवाल्याला हे नव्याने सांगावे लागत नाही. धोट्याचा खडखडाट चालू असताना एक कामगार अनेक मागांमधून फेऱ्या घालीत असतो आणि त्याची नजर ताण्याच्या शेकडो धाग्यांवरून फिरत असते. धागा तुटला की तो माग थांबवतो, तुटलेली टोके चिमटीत धरून गाठ मारतो, धागा फणीतून पुन्हा ओढून घेतो आणि माग सुरू करतो. ही गाठ वेळेवर पडली तर कापडात कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि राहून गेली तर फट वारभर लांब जाते, मग ती कितीही कुशल हातांना सांधता येत नाही. पाळीत असे किती धागे त्याने जोडले याची नोंद कोणी ठेवत नाही, पण बाजारात जाणारे धड कापड हीच ती नोंद असते.

रोजच्या जगण्याच्या कथांना लोकांच्या मनात जी जागा मिळाली आहे, ती याच न दिसणाऱ्या कामाला डोळ्यांपुढे आणल्यामुळे. इतिहास दंगलींची नोंद ठेवतो, कारण त्यांना तारीख असते. न घडलेल्या दंगलीला तारीख नसते आणि ती टळावी म्हणून गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्यांची नावे कोठे कोरलेली नसतात. हांदा आपल्या शेजाऱ्यांची नावे लिहून त्यांना भिंत म्हणतो, तेव्हा तो हेच ऋण मान्य करीत असतो. कोकणात पावसाळा सरला की माणसे गडग्याभोवती एक फेरी मारतात आणि ढासळलेले दगड उचलून पुन्हा जागेवर बसवतात. गडगा गेल्या वर्षी नीट घातला होता की नाही, याचा वाद तेथे कोणी घालीत नाही.