औषधाने व्रत मोडत नाही

उपास देवासाठी असतो की आपल्या निग्रहासाठी, हा प्रश्न मला ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नेहमी पडतो. मी चिंचवडची, पेशाने भूलतज्ज्ञ. संकष्टीला मोरया गोसावींच्या समाधीपुढच्या रांगेत मीही उभी असते. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कामगार वस्त्यांमधून डोळ्यांच्या ऑपरेशनला येणारे बरेच पेशंट मधुमेही असतात आणि त्यांतले कितीतरी उपास करणारे.

चाकणकडच्या एक आजी मोतीबिंदूसाठी आल्या होत्या. मुलगा रात्रपाळी करून तसाच आलेला. आजींचा हात हातात घेतला, तर तळवा घामाने ओला आणि बोटं थरथरत होती.

"आजी, सकाळपासून काही खाल्लंत का?"

"संकष्टी हाय ना, मॅडम. चंद्र दिसल्याबिगर काही न्हाई."

"आणि शुगरची गोळी?"

"ती घेतली की. गोळी कधी चुकवत न्हाई मी."

बोट टोचून पाहिलं. शुगर ५८.

मोतीबिंदूचं ऑपरेशन बहुधा थेंब घालून किंवा डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन होतं. पेशंट जागा असतो, म्हणून घाम, थरथर लक्षात येते. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झाला, तर त्याचं ऑपरेशन जास्त वेळ चालतं, कधी पूर्ण भूल द्यावी लागते. मग ही लक्षणं झाकली जातात आणि शुगर उतरल्याचं फक्त रक्ताचा थेंब तपासूनच कळतं. शिवाय जुन्या मधुमेहात जठर सावकाश रिकामं होतं. पोटात अन्न राहिलं, तर भुलीत ते उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं. म्हणून कधी खाल्लं आणि कोणती गोळी घेतली, दोन्ही खरं सांगावं लागतं.

आजी साखरपाणी घेईनात. सासूबाईंपासून चालत आलेलं व्रत होतं. कष्टाशिवाय व्रत कसलं, हे मलाही मान्य आहे. पण ते कष्ट जाणतेपणी सोसायचे असतात. शुगर फार उतरली की जाणतेपणच जातं, मग देवाचं नाव कोण घेणार? विदुरनीतीत व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि शेवटी औषध. मी आजींना म्हटलं, "हे साखरपाणी आज तुमचं औषध आहे." त्यांनी हात जोडले आणि पेला तोंडाला लावला. ऑपरेशन पुढे ढकललं आणि नीट पार पडलं.

भूल घेताना माणूस आपला जीव दुसऱ्याच्या भरवशावर सोडतो. त्या माणसापासून लपवलेला उपास देवालाही पोचत नाही, असं मी मानते. व्रत जरूर करा. पण ऑपरेशनची तारीख घेतानाच उपासाचे वार सांगा आणि उपाशी पोटी कोणती गोळी, किती इन्सुलिन घ्यायचं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.