मोडीच्या भावात

नाशिकजवळच्या ओझरचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला विमान आठवते. 1964 साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना इथे मिग-21 बनवण्यासाठी आला आणि गावाच्या नावाला ‘मिग’ कायमचे चिकटले. पण त्या कारखान्याने गावाला आणखी एक गोष्ट शिकवली, तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. उड्डाणाचे ठरलेले तास भरले की विमान हँगरमध्ये परत येते. त्याचे भाग सुटे होतात, झिजलेले बदलले जातात, उरलेले तपासून पुन्हा जोडले जातात. ओव्हरहॉल हा शब्द टाउनशिपमधल्या पोरासोरांनाही ठाऊक असतो. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला हवाई दलाने मिग-21 ला निरोप दिला, तेव्हा हा विमानप्रकार सेवेत येऊन सहा दशके उलटली होती. एवढे आयुष्य त्याला मिळाले ते वेळोवेळी खोलून बघणाऱ्या हातांमुळे.

दहा बाय दहाची खोली जुन्या वळणाने आणि थोडक्या पैशांत सजवायची म्हटले की मला हेच हात आठवतात. माझे म्हणणे एवढेच आहे की अशा खोलीचा पैसा वस्तूवर कमी आणि दुरुस्तीवर जास्त खर्च व्हावा. दुकानात ‘व्हिंटेज’ म्हणून जे मिळते त्यातले बरेचसे कालपरवाचे असते. नव्या लाकडावर साखळी आपटून खड्डे पाडतात, कडा घासून रंग उडवतात आणि वापराच्या खुणा वापराआधीच विकतात. हात राखून खर्च करणाऱ्याला हे परवडत नाही, आणि ते त्याच्या पथ्यावर पडते. त्याच्या वाट्याला येते ती खरोखरीची अडगळ. माळ्यावरची लोखंडी ट्रंक, वेत फाटलेली खुर्ची, काळवंडलेला हंडा.

मायकेल थॉम्पसन या इंग्रज अभ्यासकाने 1979 साली ‘रबिश थिअरी’ नावाचे पुस्तक लिहिले. वस्तूची किंमत वापराबरोबर घटत घटत शून्यावर येते. मग काही काळ ती कुणाच्या खिजगणतीत नसते. आणि त्यातल्या मोजक्या वस्तू पुढे वर चढतात, मौल्यवान ठरतात, असे त्याचे निरीक्षण. मधल्या त्या बेवारस काळाला आपल्याकडे बाजारभावच आहे: मोडीचा भाव. नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांचा लौकिक जुना, तांबट लेन अजून त्या नावाने ओळखली जाते. स्टेनलेस स्टील आले, त्याला कल्हई लागत नव्हती, त्यात ताक कळकत नव्हते. घरोघरची पितळ मोडीत निघाली ती या सोयीपुढे, आणि ती मोडीत काढणाऱ्या बायकांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. राखेने आणि चिंचेने भांडी घासून हात त्यांचे सोलवटले होते.

पण मोडीच्या तराजूत एक गोष्ट येत नाही. तांब्याच्या हंड्यावर हातोडीचे एकसारखे ठसे असतात, त्याला मठारणे म्हणतात. डोळ्याला ती नक्षी वाटते. खरे तर ठोक्याखाली धातू दबतो, घट्ट होतो, कडक होतो. पातळ पत्र्याच्या हंड्याला भरल्या पाण्याचे वजन पेलण्याचे बळ त्या ठोक्यांनी येते. वजनकाटा तांबे मोजतो आणि ठोके फुकट जातात. म्हणून मोडीच्या दुकानातून असा एखादा हंडा किलोवर उचलून आणावा, यात मला स्वस्त सौदा साधल्याचा आनंद नाही, एका कारागिराचे काम भट्टीतून वाचवल्याचा आहे.

हे काम पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर केले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा हा माणूस दिवे, अडकित्ते, वजऱ्या, फण्या, दरवाजे गोळा करत फिरला, आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्याने संग्रहालय उभे केले. 1975 साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. जिथे इतरांना घरातला कचरा दिसत होता तिथे त्यांना घर दिसत होते. मात्र त्यांचा कित्ता खोलीत गिरवू नये. संग्रहालयाला दालने असतात; खोलीला चार भिंती, एक खिडकी आणि राहणारा माणूस. जपानी चहागुरू सेन नो रिक्यू याच्या नावाने सांगितली जाणारी ताइआन ही चहाखोली सोळाव्या शतकातली, अवघ्या दोन चटयांची. मातीच्या भिंती, साधे लाकूड, कोनाड्यात एखादी वस्तू. दोन चटयांच्या जागेत दुसरी वस्तू आली की पहिली दिसेनाशी होते, हे त्याने ओळखले होते. आपल्या जुन्या घरांतला कोनाडाही एका दिव्यापुरताच असे.

तेव्हा भिंतीपासून सुरुवात करावी. जुने, मातीचे किंवा चुन्याच्या गिलाव्याचे घर असेल तर प्लास्टिक रंग लावून ओल आत कोंडू नये. चुन्यात थोडी नीळ घालून हात मारावा. खर्च नगण्य, आणि ओझरच्या उन्हाळ्यात तो निळसर पांढरा डोळ्यांना थंड लागतो. जमिनीवर सतरंजी, पलंगावर गोधडी. जुन्या साड्या एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी विकत आणायची गरज बहुतेक घरांत पडत नाही. शिवणारी बाई मात्र शोधावी लागते, आणि तिला घासाघीस न करता पैसे द्यावेत.

खुर्ची हा माझ्या आवडीचा विषय. मिशाएल थोनेटने 1859 साली वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाची जी खुर्ची काढली ती सहा भागांची, दहा स्क्रू आणि दोन नटांची होती. सुट्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत, म्हणून ती जगभर स्वस्तात पोचली. मुंबईच्या इराण्यांकडे आपण बसलो त्या खुर्च्या याच घराण्यातल्या. तिची बैठक वेताची; आणि वेत तुटतोच. तुटलेला वेत म्हणजे खुर्ची मेली असे नाही, ती पुन्हा विणायची सोय तिच्या रचनेतच ठेवलेली आहे. आपल्याकडे हे विणकाम अनेक दृष्टिहीन कारागीर करतात, भोकाभोकांतून बोटांनी माप घेत. खुर्ची मोडीत घ्यावी आणि वाचलेले पैसे त्या बोटांना द्यावेत.

इथे मला एका थोर माणसाशी वाद घालावा लागतो. अलॉइस रीग्लने 1903 साली व्हिएन्नात स्मारकांवर लिहिताना वार्धक्यमूल्याची कल्पना मांडली: काळाने केलेली झीज हेच जुन्याचे सौंदर्य, तिच्यात माणसाने ढवळाढवळ करू नये. भग्न किल्ल्यापुढे उभे राहून ते पटते. ज्या खुर्चीवर म्हातारीने टेकायचे आहे तिच्यापुढे पटत नाही. वापरातल्या वस्तूला वापराचा हक्क आधी, हे रीग्ललाही दिसत होते. पितळेच्या पातेल्यात काही आंबट शिजणार असेल तर तापल्या भांड्यावर नवसागर टाकून, कथील फिरवून, कापसाच्या बोळ्याने पुसलेली कल्हई हवीच. नुसते शोभेला ठेवायचे असेल तर ते ठेवूच नये, खोली लहान आहे.

आणि एक प्रश्न उरतो, तो मला सुटलेला नाही. मोडीतून आलेल्या भांड्यांवर नावे असतात. कुणाच्या लग्नात कुणी दिले, कोणत्या साली, कोणत्या गावचे; टोकदार खिळ्याने ठोकून ठोकून घातलेली अक्षरे. ती बाई कोण, तिने हा तांब्या का काढून टाकला, की तिच्यामागे कुणी काढला, काही कळायला मार्ग नाही. पॉलिशवाला विचारतो, नाव घासून काढू का, साफ दिसेल. मी नको म्हणतो. आपल्या चार भिंतींत एका अनोळखी सासुरवाशिणीचे नाव वागवायचे तर ते भिंतीकडे वळवून ठेवणेही मला बरे वाटत नाही. ते दर्शनी असू द्यावे, आणि घरी आलेल्याने विचारले की ही कोण, तर ठाऊक नाही असे सांगून त्याला त्याच तांब्यातून पाणी द्यावे.