समुद्रावर पडलेला पाऊस

आजचं वाचन : गीता, अध्याय ३, श्लोक १४

अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस आणि कर्मापासून यज्ञ, असा आजच्या श्लोकाचा साधा अर्थ. पहिल्या दोन पायऱ्या कुणालाही पटतात. तिसरीवर माझ्यासारखा इंजिनिअर अडतो. यज्ञ केला की पाऊस, असं इनपुट-आउटपुट आहे का? असेल, तर ज्याच्याकडे पाऊस पडला नाही त्याचं काय कमी पडलं?

मला हा प्रश्न समुद्रात जास्त स्वच्छ दिसतो. नौदलाचे अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकटेच निघाले आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१ मार्च २०१३ ला मुंबईत परतले. या सफरीत साठ्यातल्या पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळलं. चहूकडे पाणीच पाणी, पण लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असलेलं. ते प्यायलं तर तेवढं मीठ बाहेर टाकायला शरीराला प्यायल्यापेक्षा जास्त पाणी लागतं, म्हणजे तहान वाढतेच. उरला पाऊस, आणि त्याच्यावरच त्यांना भागवावं लागलं.

शिडाच्या बोटीवर पाऊस धरतात कसा? मोठ्या शिडाच्या खाली एक आडवा दांडा असतो. त्याचं मागचं टोक जरा वर उचललं की शिडावरून ओघळलेलं पाणी डोलकाठीकडे वाहत येतं. तिथे बादली. किंवा ताडपत्री ताणायची आणि तिच्या खोलगट भागातून नळीने पाणी डब्यात घ्यायचं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, त्यामुळे पाच चौरस मीटरची ताडपत्री चांगल्या सरीत बरंच देऊन जाते. अर्थात कागदावर! समुद्रातली सर बहुतेकदा वाऱ्याचा झोत घेऊन येते, तेव्हा आधी बोट सांभाळायची की बादली, हे तिथेच ठरवावं लागतं.

पण मला थांबवलं ते पुढच्या गोष्टीने. शिडावर मिठाचा थर असतो. म्हणून पहिलं पाणी प्यायचं नसतं. घसा कोरडा, सर किती टिकेल माहीत नाही, आणि तरी पहिल्या धारा शीड धुऊन समुद्रात जाऊ द्यायच्या. बोट लावून चव बघायची, खारट लागली तर अजून सोडायचं. हातात आलेलं, स्वतःला हवं असलेलं सोडून देणं. याला यज्ञ नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? आचार्यांनी हा अर्थ सांगितलाय असा माझा दावा नाही. पण या यज्ञाने ढग येत नाही, आलेल्या ढगाचं पिण्याचं पाणी होतं, एवढं मला पटतं.

आता त्याच समुद्रात दुसरी बोट धरा, दहा मैलांवर. तिथेही दांडा उचललाय, ताडपत्री ताणलीये, डबे धुतलेत. सर तिच्या बाजूने निघून गेली. तिच्यावरच्या माणसाची श्रद्धा कमी होती का?

हे मी उगाच विचारत नाहीये. आमच्या नात्यातल्या एका ताईंचा मुलगा गेला, तेव्हा भेटायला आलेल्या कुणीतरी त्यांना सांगितलं, “तुमचं काहीतरी करायचं राहून गेलं असेल.” त्या बाईंनी वर्षभर देवाचं काही सोडलं नव्हतं. हा श्लोक असा उलटा वाचता येत नाही. यज्ञातून पाऊस होतो यावरून, पाऊस नाही म्हणजे यज्ञ नाही, असं कसं निघेल? कोरड्या बोटीवरच्या माणसाला हिशोब विचारायचा नसतो. जवळ असलो तर आपला डबा त्याच्याकडे सरकवायचा.

एक सुभाषित समुद्रावरच्या पावसाला व्यर्थ म्हणतं. ते किनाऱ्यावर बसून रचलेलं असणार, असं मला वाटतं. खाली ताडपत्री ताणून बसलेला माणूस तसं म्हणणार नाही.

उद्या श्लोक १५.