आगे फलांग, पीछे फलांग

लेझमीचे हुकूम आठवून पाहा. चार आवाज, एक जागा, आदिपद, पवित्रा, दो रुख, आगे फलांग, पीछे फलांग. मराठी शाळेच्या मैदानावर हे हुकूम हिंदीत का येतात, असा प्रश्न हैदराबादेत वाढलेल्या आम्हा मुलींना कधी पडला नाही. कानावर रोज पडणाऱ्या चार भाषांत ही पाचवी, पावलांची. हुकूम झाला की पाय पुढे, हुकूम झाला की मागे, आणि सगळ्या लेझमींचा खळखळाट एका ठोक्यावर थांबायचा. तो थांबल्यानंतरची शांतता मला अजून ऐकू येते.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका मॉलच्या गेम झोनमध्ये माझी भाची नाचाच्या यंत्रावर चढली, तेव्हा हे सगळं एकदम वर आलं. तिच्या पायाखाली बाण काढलेले चौकोन होते. समोरच्या पडद्यावर गाण्याच्या ठेक्याबरोबर बाण खालून वर सरकत होते आणि बाण वरच्या रेषेला टेकेल त्याच क्षणी त्या चौकोनावर पाय पडायला हवा होता. या जातीच्या खेळांपैकी जगभर गाजलेला खेळ १९९८ सालचा, जपानच्या कोनामी कंपनीचा ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’. त्यात दिशा चारच. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. भाचीची पहिली दहा-बारा पावलं चुकली, मग एक बरोबर पडलं, आणि दुसरं गाणं संपेपर्यंत ती घामाने निथळत होती. हीच मुलगी शाळेत पी.टी.च्या तासाला कडेच्या पायरीवर बसून असते. खो-खोच्या संघात तिला कुणी घेत नाही, धावण्यात ती शेवटची येते, आणि सातवीत पोचेपर्यंत तिने मनाशी पक्कं केलं होतं की खेळ आपल्यासाठी नाहीत. यंत्रावरून उतरल्यावर ती म्हणाली, “मावशी, चुकलं तरी लगेच पुढचा बाण येतो गं.”

त्या वाक्याने मला बरेच दिवस सोडलं नाही.

शाळेच्या शारीरिक शिक्षणात नाचाचे व्हिडिओ गेम आणावेत का, हा प्रश्न वरवर चैनीचा वाटतो. पण एका अख्ख्या राज्याने तो गंभीरपणे घेतला होता. अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया हे डोंगराळ, कोळशाच्या खाणींचं राज्य, मुलांमधल्या लठ्ठपणाने हैराण झालेलं. आधी तिथल्या विद्यापीठाने या खेळाचा मुलांवर होणारा परिणाम पाहिला, आणि २००६ मध्ये राज्याने आपल्या सगळ्या ७६५ सरकारी शाळांत तो नेण्याची योजना जाहीर केली. तिच्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या विमा संस्थेचाही वाटा होता. मुलं आज हलली नाहीत तर उद्याची औषधाची बिलं कुणाच्या दारात येणार, हे विमा संस्थेला चांगलं कळतं. नॉर्वेने तर २००३ मध्येच यंत्रावरच्या नाचाला खेळ म्हणून मान्यता दिली होती.

व्यायाम म्हणून यात दम आहे का? आहे. सिंगापूरच्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत हे यंत्र खेळणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १३७ भरले. म्हणजे भरभर चालण्याच्या वर, धापा टाकण्याच्या थोडं खाली. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं असंच अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्याच तज्ज्ञांनी २०१९ मध्ये हिशेब मांडला तेव्हा जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं त्या साठ मिनिटांपर्यंत पोचत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होतं. पायरीवर बसलेली माझी भाची एकटी नव्हती.

पण ती पायरीवर का बसते, याचं उत्तर ठोके मोजून मिळणार नाही. आपला पी.टी.चा तास बहुतेक ठिकाणी निवडीचा तास असतो. कोण वेगवान, कोण उंच, कोणाला विभागीय स्पर्धेला न्यायचं. निवड झाली की उरलेल्यांचं काय करायचं, हे कुणाला ठाऊक नसतं. वर्षअखेरच्या स्नेहसंमेलनात तर हे उघडच होतं. मी पाचवीत असताना आमच्या नाचात सोळा मुली होत्या. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी, ठेका चुकतो म्हणून तिघींना काढलं. त्या तिघींत मी होते. नाच शिकायचा म्हणून ज्यांना नाचात घेतलं, त्यांना नाच येत नाही म्हणून बाहेर काढण्यात काही तरी फार चुकतंय, हे तेव्हा सांगता आलं नाही. आज सांगते. गणितात कच्च्या मुलाला गणिताच्या तासातून कुणी उठवत नाही.

त्या यंत्राने भाचीला जे दिलं ते इतकंच: चूक झाल्यावर सगळ्यांसमोर थांबणं नाही, आणि पुढची संधी पाव सेकंदात. शिवाय एकाच गाण्यावर दोघींना दोन पायऱ्या निवडता येतात. नवशिकीला थोडे बाण, तयार मुलीला बाणांचा पाऊस, आणि दोघी शेजारी शेजारी, एकाच ठेक्यावर, एकाच वेळी थकतात. एका तासात पन्नास पातळ्यांची मुलं सांभाळणाऱ्या शिक्षकाला हे किती हवंहवंसं वाटेल! मला वाटतं, या खेळाचा खरा शोध हाच. पडदा आणि दिवे त्याचे कपडे.

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त काळजीची वाटते. हैदराबादेत अमीरपेठ, दिलसुखनगर, कुकटपल्ली अशा भागांतून चाला. राहत्या इमारतीसारख्या चार-पाच मजली इमारतींत शाळा भरलेल्या दिसतात. खाली स्कूटर लावायची जागा, तीच प्रार्थनेची जागा, तेच मैदान. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवं, असं लिहिलं आहे. अशा शाळेच्या चालकाला उद्या कुणी सांगितलं, की एका खोलीत बाणांच्या दोन मॅट आणि पडदा लावला की शारीरिक शिक्षणाची सोय झाली, तर तो आनंदाने हो म्हणेल आणि माहितीपत्रकावर ठळक छापेल. हे होता कामा नये. यंत्र मैदानाच्या बदल्यात येणार असेल तर ते न आलेलं बरं. धूळ, वारा, चेंडूमागे लांबवर धावणं, पडून खरचटणं, यांचा कोणताही बाण होत नाही.

मात्र याच शहरात मार्चच्या मध्यापासून उन्हामुळे अर्ध्या दिवसाच्या शाळा सुरू होतात, ‘ओंटिपूट बडुलु’. त्या दिवसांत अकरा वाजता मुलांना उघड्यावर उभं करणंही निर्दयपणाच. तेव्हा, आणि धो धो पावसात, छपराखालचा हा तास उपयोगाचा आहे. मैदान असताना पूरक, एवढीच त्याची जागा.

आणि साधा हिशेबही करून पाहावा. चाळीस मिनिटांचा तास, चाळीस मुलं, मॅट दोन. गाणं दोन मिनिटांचं धरलं तर वीस जोड्या होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला येतात दोन मिनिटं. उरलेली अडतीस मिनिटं मूल रांगेत उभं! असा तास लावला तर पी.टी.चा जुना दोष नव्या कपड्यात परत येईल. म्हणून पडदा मोठा हवा आणि बाकीच्या मुलांनी खडूने आखलेल्या चौकोनांत तीच पावलं टाकायला हवीत; मॅटवरची जोडी दर गाण्याला बदलावी. खडूचे चौकोन आपल्या मुलींना परके नाहीत. मराठी अंगणात ती ठिक्कर, तेलुगु अंगणात ‘तोक्कुडु बिळ्ळा’.

सोबतीचं महत्त्व आणखी एका अभ्यासात फार स्वच्छ दिसतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका लहानशा प्रयोगात २७ मुलांना नाचाचा खेळ घरी दिला. त्यांपैकी एका गटाला घरच्या खेळाशिवाय आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून नाचण्याचा वर्गही होता. बारा आठवड्यांनी पाहिलं तर एकट्याने खेळणाऱ्या गटातल्या ६४ टक्के मुलांनी नाद सोडला होता. वर्ग असलेल्या गटात सोडणारे होते १५ टक्के. मुलं सत्तावीसच, तेव्हा यावरून मोठे सिद्धान्त बांधू नयेत. पण घरात व्यायामाची सायकल घेऊन तिच्यावर टॉवेल वाळत घातलेल्या प्रत्येकाला हे आकडे ओळखीचे वाटतील. यंत्र मुलाला उभं करतं. त्याला नाचत ठेवतात ती शेजारची मुलं.

मग शिक्षकाचं काय काम उरतं? याचं उत्तर हैदराबादने फार पूर्वी दिलं आहे. सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत फुटबॉलचं सुवर्णपदक जिंकलं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथं स्थान मिळवलं, ते मुळात शाळामास्तर. काचीगुड्याच्या शाळेत त्यांनी शिकवलं होतं. त्यांनी मुलांसाठी वेगळेच सामने ठेवले: एकात चेंडू पायाशी खेळवत नेण्याला बंदी, एकात फक्त आपल्या कमजोर पायाने खेळायचं. नियम जरासा फिरवला आणि जो पाय दुबळा म्हणून कडेला होता तो मधोमध आला. उजव्या पायाचा तरबेज मुलगाही त्या सामन्यात नवशिका होई. आज ज्याला गेम डिझाइन म्हणतात ते रहीम साब एका चेंडूवर आणि एका शिट्टीवर करत होते. यंत्र आणायचं असेल तर अशा नजरेच्या शिक्षकाच्या हाती द्यावं. शारीरिक शिक्षकाचं पद रिकामं ठेवून त्याच्या खुर्चीत यंत्र बसवू नये.

कारण यंत्राची नजर अधू आहे. मॅटला फक्त पायाचा दाब कळतो. हात लुळे, मान खाली, चेहरा रडवेला असला तरी गुण पूर्ण. ‘जस्ट डान्स’ नावाचा २००९ मध्ये आलेला खेळ, ज्याच्या पुढच्या आवृत्त्यांना युबिसॉफ्टच्या पुण्यातल्या स्टुडिओचाही हात लागला, तो सुरुवातीला एका हातातलं रिमोट तेवढं वाचायचा. सोफ्यावर बसून मनगट फिरवणाऱ्यालाही त्यात शाबासकी मिळे. दमलेली मुलगी आणि कंटाळलेली मुलगी यांतला फरक शिक्षकालाच कळतो.

घरच्या लोकांचा एक आक्षेप राहतो. शाळेत काय नाचायला पाठवतो का? त्यामागची भीती मी समजू शकते. सिनेमाच्या गाण्यांवर दहा वर्षांच्या मुलींना जे हावभाव शिकवले जातात ते पाहून मलाही अस्वस्थ व्हायला होतं. पण नाच आपल्याकडे सगळ्यांचा होता. आश्विनात आमच्या घरी पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरला जायचा, आणि त्याच दिवसांत फाटकाबाहेर फुलांची बतुकम्मा मांडून तेलुगु बायका टाळ्या वाजवत तिच्याभोवती फिरायच्या. दोन्ही फेरांत पहिली कोण, शेवटची कोण, सांगता यायचं नाही. आजीही त्यात, नातही त्यात. गुडघा दुखणारी हळू फिरायची आणि फेर तिच्यासाठी तेवढा हळू व्हायचा. शाळेने गाणी इथून घ्यावीत, म्हणजे हावभावांचा प्रश्न बराचसा सुटेल.

आणि ते करता येतं. स्टेपमॅनिया नावाची एक मोफत संगणकप्रणाली २००१ पासून आहे. तिच्यात आपल्याला हवं ते गाणं घालून त्यावर बाण आपणच बसवायचे. पूर्ण ठोक्यावरचे बाण एका रंगाचे, अर्ध्या ठोक्यावरचे दुसऱ्या. बाण बसवणाऱ्या मुलाला आधी गाणं नीट ऐकावं लागतं, मात्रा मोजाव्या लागतात, केरव्याच्या आठ आणि दादऱ्याच्या सहा मात्रांतला फरक पायांत उतरवावा लागतो. शिवाय दुसऱ्या मुलाला हे पाऊल जमेल का, डाव्या पायावर असताना लगेच डावीकडचा बाण दिला तर तो अडखळेल का, याचा विचार करावा लागतो. ज्याला कधी कुणी संघात घेतलं नाही, तो इथे दुसऱ्यांच्या पावलांची काळजी करायला शिकतो. नाचणाऱ्यांपेक्षा बाण बसवणाऱ्यांचं मला अधिक कौतुक आहे.

गेल्या आश्विनात आमच्या गच्चीवर भाची आणि शेजारची तिची तेलुगु मैत्रीण लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. बतुकम्माच्या एका गाण्याला बाण बसवायचं चाललं होतं. पुढे, बाजूला, बाजूला, इथपर्यंत जमलं. मग टाळी आली आणि दोघी अडल्या, कारण टाळीसाठी चौकोनच नाही. मैत्रीण म्हणत होती, तिथे दोन्ही पायांची उडी टाकू. भाचीला ते पटेना. वाकून टाळी वाजवताना उडी कोण मारतं? बराच वेळ वाद झाला, गाणं पाच-सहा वेळा मागे नेऊन ऐकून झालं. शेवटी त्यांनी दर आठव्या मात्रेला बाणांच्या ओळीत एक जागा रिकामी सोडली.