अजून ठरलं नाही

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गावी गेलं की पारावर एकच प्रश्न, "पुढं काय करणार हाईस?" "अजून ठरलं नाही" म्हणायला जीभ रेटायची नाही, फी कालवड विकून भरलेली. घरच्याच्या घामावर असं न ठरवता राहायचा पोराला हक्क आहे का? माझ्या मते आहे, पण रिकामं बसायचा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. रयत शिक्षण संस्था काढली १९१९ साली, वयाच्या ३२व्या वर्षी. आमच्या पारानं त्यांनाही छळलंच असतं!

मी कमवा-शिका योजनेत वाचनालयात पुस्तकं लावू लागलो. महिन्या-दोन महिन्यांत इतिहासाच्या कपाटापाशी हात रेंगाळायला लागला. आण्णांना तेवढंच सांगितलं.

"मग तिथंच बघ अजून थोडं," म्हणाले.